फुलोऱ्याच्या हंगामातले पित्ताशय

रविवार, ४ सप्टेंबर, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. अमरावतीच्या आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाची शेवटची पंगत बसली होती. आमच्याकडे पुरणपोळी तुपाबरोबर खात नाहीत, तुपात बुडवून खातात. ताटाशेजारी तुपाची स्वतंत्र वाटी असते, आणि ती रिकामी दिसली की वाढणारी बाई ते स्वतःचे अपयश समजते. माझी वाटी तिसऱ्यांदा भरली गेली त्याच क्षणी उजव्या बरगडीखाली कळ उठली, पाठीतून वर चढली आणि उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाऊन बसली. वेदनेने इतका आखीव मार्ग घ्यावा, हे मला त्या अवस्थेतही लक्षणीय वाटले. मी घड्याळ पाहिले. विज्ञान शिकलेल्या माणसाला ही सवय लागते: आधी वेळ नोंदवायची, मग ओरडायचे.

मी ओरडले तेव्हा घरात जितकी माणसे होती तितकी निदाने झाली. आई पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती. तिने सर्वांना एकेक करून बोलायला लावले. नजर, वात, गॅस, उपाशीपोटी घेतलेला चहा, अकोल्याच्या खानावळीतले तेल अशी उत्तरे आली. शेवटी मोठेबाबा उठले. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते परतवाड्याहून खास जेवायला आले होते.

"खडा हाय," ते म्हणाले. "कुळथाचं पाणी पाजा तिले. दोन दिवसांत लघवीवाटे निघून जाईन."

दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीने मोठेबाबांना अर्धे बरोबर ठरवले. खडे होते, पण पित्ताशयात. मी सोनोग्राफीच्या पाकिटावर आकृती काढून त्यांना समजावले की पित्ताशय यकृताखाली असते, मूत्रपिंड पाठीशी असते, आणि एकातून दुसऱ्यात जायला मार्गच नाही.

"रस्ता नाई?" त्यांनी आकृती उलटी धरून पाहिली. "मंग थो खडा तेथं गेला कसा?"

"तिथेच तयार झाला, मोठेबाबा."

"तेथंच तयार झाला तं तेथंच इरघळन. पे तू कुळथाचं पाणी."

माझे आजाराशी वैर नव्हते. वैर त्याच्या तारखेशी होते. मी अकोल्याला कापूस पैदास या विषयात पीएच.डी. करते. माझे झाड गावरान कापसाचे आहे. अठराशे साठच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली; तेव्हा इथून बैलगाड्या भरभरून गेला तो हाच, आखूड धाग्याचा. पुढे लांब धाग्याचे वाण आले आणि गावरान बांधाकडे सरकला. पण कमी पाण्यात तग धरावी ती त्यानेच. त्याचा धागा थोडा लांबवता आला तर, एवढाच माझा प्रश्न आहे. त्यासाठी दोन वाणांचा हाताने संकर करावा लागतो. आदल्या दुपारी उद्या उमलणारी कळी निवडायची, तिच्या पाकळ्या व परागाचे तुरे अंगठ्याच्या नखाने सोलून काढायचे, मधली नाजूक कांडी शाबूत ठेवून वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग त्या कांडीच्या टोकावर फिरवायचे आणि देठाला चिठ्ठी बांधायची. हे सर्व ऐन फुलोऱ्यात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मैत्रिणींचे प्लॉट त्याच दिवसांत फुलत होते, मजूर त्याच दिवसांत फवारणीत गुंतले होते, आणि माझ्या मार्गदर्शक बाईंनी जूनमध्येच बजावले होते: "संकराची तीस बोंडं धरली पाहिजेत. त्याहून कमी झाली तर पुढच्या वर्षीच्या चाचणीला बी पुरणार नाही. आणि त्यानंतर तुझी शिष्यवृत्तीही नाही."

तीस बोंडे, आणि एकच हंगाम.

शल्यचिकित्सक नागपूरहून दर मंगळवारी अमरावतीच्या एका छोट्या रुग्णालयात येत. मी त्यांच्यापुढे फुलोऱ्याचा आलेख ठेवला आणि शस्त्रक्रियेसाठी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा सुचवला. त्यांनी आलेख मन लावून पाहिला.

"सुरेख आहे. हा खड्यांना दाखवला का?"

"म्हणजे?"

"म्हणजे एखादा खडा नळीत उतरला तर कावीळ होईल, स्वादुपिंड सुजेल, आणि मग तुम्ही फुलोरा रुग्णालयाच्या खिडकीतून पाहाल. तेरा तारखेला या. दुर्बिणीतून काढू. वीस तारखेला तुम्ही शेतात खुर्चीवर बसून हुकूम सोडत असाल."

"इतक्या लवकर जागा आहे?"

"पितृपक्ष आहे ना. पोटं सगळ्यांची दुखतात, पण कापून घ्यायला कोणी तयार नसतं."

आईही तयार नव्हती. "पितृपक्षात कोणी पोट फाडते काय?" तिने विचारले. मी म्हटले, पितरांपैकी कोणालाच पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव नाही, तेव्हा त्यांचे मत विचारात घेण्याचे कारण नाही. बराच वेळ तहाची बोलणी चालली. अखेर ठरले की तारीख विज्ञानाची आणि बाकी सर्व शकुन आईचे. ह्या कराराचे दुसरे कलम मी नीट वाचायला हवे होते.

प्रतीक्षेच्या त्या आठवड्यात मला तेलतूप वर्ज्य होते. फोडणीवाचून वरण वाढणे म्हणजे आईला अनवाणी लग्नाला जाण्यासारखे वाटे. ती वरण वाढी, थोडा वेळ त्या पांढुरक्या पृष्ठभागाकडे पाही आणि दुःखाने मान फिरवी. तीन दिवसांनी वरणाला एकाएकी चव आली. चव येण्याला कारण असते. मी वरणाचा थेंब कागदावर टाकला, वाळू दिला आणि कागद खिडकीशी धरला. मध्यभागी एक पारदर्शक डाग चकाकत होता.

"आई, ह्यात तूप आहे."

"थे भांड्याले लागलेलं असन."

"भांड्याला लागलेल्या तुपाचा एवढा डाग पडत नाही."

"मोठी आली डाग पाहणारी! एका थेंबानं काय होते व? आंगात काही राह्यलं नाई तुया."

एका थेंबाने काय होते याचे उत्तर नऊ तारखेला, गणपती विसर्जनाच्या दुपारी मिळाले. कळ त्याच मार्गाने गेली, फक्त या वेळी मुक्काम लांबला. त्यानंतर आईने तुपाचा डबा शेजारी नेऊन ठेवला आणि माझ्यावर पहारा बसवला. बारा तारखेच्या रात्री दहानंतर पाण्याचा घोटही घ्यायचा नव्हता, तर तिने माठावर ताट, ताटावर पाटा आणि पाट्यावर आपला चष्मा ठेवला. सकाळी मी दात घासले तेव्हा चूळ थुंकल्याची खात्री करायला ती मोरीच्या दाराशी उभी होती.

रिक्षा आली. मी पिशवी घेऊन उंबऱ्याशी पोचले आणि मागून हाक आली.

"हात कर."

मी हात केला. तळव्यावर दहीसाखर पडली. मी ती खाल्ली.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काहीच नाही. पहिलीच्या परीक्षेपासून ते पीएच.डी.च्या मुलाखतीपर्यंत, महत्त्वाच्या कामाला निघताना त्या उंबऱ्याशी "हात कर" हे दोन शब्द ऐकले की माझा उजवा हात पुढे येतो, दही तोंडात जाते आणि पाय बाहेर पडतो. ह्यात मेंदूचा सहभाग नसतो. गिळून झाल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर समाधान होते, माझ्या चेहऱ्यावर ज्ञान.

"आई! उपाशीपोटी जायचं होतं!"

"मंग तू उपाशीच हायस न. थे काय खाणं हाय काय? थो तं शकुन हाय."

रिक्षात तिने मला विचार करून सांगितले, "इचारलं तं सांगू नोको." मी म्हटले, भूल देणाऱ्या डॉक्टरला खोटी माहिती देणे म्हणजे प्रयोगात खोटा आकडा लिहिणे. रिक्षावाल्यानेही मत दिले: "चमचाभरच तं हाय ताई, येवढ्यात कोणी मरते काय?"

भूलतज्ज्ञ तरुण होते, पण आवाज थकलेला होता. "सकाळपासून काही खाल्लं-प्यालं?"

"नाई," आई म्हणाली.

"एक चमचा दही, अर्धा चमचा साखर, पाच वाजून चाळीस मिनिटांनी," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवले. आई पुढे सरसावली. "डाक्टरसाहेब, थो शकुन होता."

"काकू, घशाखाली उतरला की शकुनाचाही दुग्धजन्य पदार्थ होतो. भूल दिल्यावर तो वर येऊन फुफ्फुसात गेला तर मी काय करू? सहा तास थांबावं लागेल, आणि सर बाराला नागपूरला निघतात." ते माझ्याकडे वळले. "पुढचा मंगळवार. वाईट वाटून घेऊ नका, या महिन्यातल्या तुम्ही तिसऱ्या. एकाने अंगाऱ्याबरोबर पेढा खाल्ला होता, एकीने तीर्थ म्हणून उसाचा रस."

पुढे आठवडाभरात त्यांनी आपल्या दारावर पाटी लावली: "दहीसाखर हेसुद्धा अन्न आहे." पाटीवर माझे नाव नव्हते, पण मला ती सन्मानाची वाटली नाही.

माझी वेळ शेजारच्या खाटेवरच्या एका मुसलमान बाईंना मिळाली; त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. ह्या गाद्या-रजया भरण्याचा धंदा असलेल्या घरातल्या. त्यांचा क्रमांक यादीत शेवटचा होता आणि होईल की नाही याची शंका होती. वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवण्याची त्यांची रीत होती. "पोरी, तू दही खाल्लं अन् मेरा नंबर लग गया," त्या ढकलगाडीवरून म्हणाल्या. "अल्ला तुले सुखी ठेवो. तेरी अम्मा को बोल, पुढच्या खेपेले चटनी दे."

घरी परतताना मी आईला हिशेब सांगितला: वीस तारखेला शस्त्रक्रिया, मग आठवडाभर प्रवास बंद, महिनाभर वाकणे बंद; फुलोरा तोवर उतरणीला. तीस बोंडे आता कठीण आहेत.

"वाकल्याशिवाय होत नाई थे काम?"

"गावरान झाड कमरेएवढं असतं. कळ्या खालच्या फांद्यांवर. वाकल्याशिवाय नाही."

घराच्या पायरीवर चप्पल काढताना ती म्हणाली, "मी येतो तुयासंगं अकोल्याले. मी वाकतो."

"तुला येतं का?"

"पस्तीस वर्सं पोरांची नखं तपासली. तुया कळीची एक टोपी काढता येणार नाई मले?"

वीस तारखेला शकुन वाया जाऊ नये म्हणून तिने दहीसाखर रिक्षावाल्याच्या हातावर घातली. रिक्षा विनाअडथळा पोचली, हे मी निरीक्षण म्हणून नोंदवते. निष्कर्ष काढत नाही.

शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, कारण त्या वेळी मी हजर नव्हते. जाग आली तेव्हा पोटावर चार छोट्या पट्ट्या होत्या आणि दुखत होता उजवा खांदा. शस्त्रक्रियेसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेला वायू छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतो आणि तिथली चेतातंतूची तार खांद्याशी जोडलेली असल्याने मेंदू पत्ता चुकतो. हे सर्व मला ठाऊक होते. ठाऊक असल्याने खांदा तिळमात्र कमी दुखला नाही, ही विज्ञानाची मर्यादा मी त्या दिवशी मान्य केली.

त्यानंतर माझ्या आयुष्यातली सर्वांत सार्वजनिक चौकशी सुरू झाली. आतडी कामाला लागली की नाही हे ठरवण्याचा वैद्यकशास्त्राकडे एकच खात्रीचा मार्ग आहे, आणि तो उच्चभ्रू नाही. परिचारिका विचारी, "हवा सरली का?" डॉक्टर विचारीत. झाडणारी बाई विचारी. संध्याकाळी आईच्या फोनवरून मोठेबाबांचा आवाज साऱ्या वॉर्डात घुमला, "काय व, सुटली काय?" आणि पडद्यापलीकडचे एक अनोळखी आजोबा माझ्या वतीने म्हणाले, "अजून नाई, सांगतो तुमाले." पहाटे ती घटना घडली तेव्हा आईने शेजाऱ्यांना ती शाळेच्या निकालासारखी कळवली. आजोबांनी "वा, बेटा!" म्हटले. मला सुवर्णपदक मिळाले तेव्हासुद्धा इतक्या लोकांना आनंद झाला नव्हता.

सकाळी खाला आल्या. टाके दाखवायला आल्या होत्या, पण खरे कारण त्यांच्या बटव्यात होते. आमच्याकडे काढलेले खडे प्लास्टिकच्या डबीत घालून घरच्यांच्या हाती देतात, आणि घरचे ते जन्मभर सांभाळतात. खालांनी आपली डबी आईपुढे उघडली. एकच खडा, जांभळाएवढा, तपकिरी.

"एकला हाय, पर देख, कैसा पैलवान हाय," खाला म्हणाल्या.

आईने माझी डबी उघडली. खडे पिवळट, कोपरे असलेले, एकमेकांवर घासून सपाट झालेले होते. आईने ते बोटाने सरकवत मोजले. "तेवीस," ती म्हणाली, आणि तिच्या स्वरात जो अभिमान होता तो माझ्या कोणत्याही गुणपत्रिकेने मिळवलेला नव्हता.

खाला क्षणभर खचल्या. मग म्हणाल्या, "गिनती तेरी, वजन मेरा," आणि दोघी समाधानाने चहा प्यायला गेल्या.

मला त्यांतले दोन खडे फोडून तपासायचे होते. कोलेस्टेरॉलचे असावेत असा माझा तर्क होता आणि प्रयोगशाळेत तो सहज पडताळता आला असता. आईने डबी पदराआड घेतली. "मायी लेक सत्तावीस वर्सं पोटात घेऊन फिरली यायले, अन् तू फोडतो म्हणते?"

घरी आल्यावर डबी बैठकीत, टीव्हीसमोरच्या तिपाईवर ठेवली गेली. भेटायला येणारे आधी डबी पाहत, मग मला. प्रत्येकाने पूर्वी पाहिलेले खडे आठवून तुलना केली. प्रत्येकाने खायला आणले. पित्ताशय गेलेल्या मुलीला काय आणावे याबाबत वऱ्हाडात एकमत आहे: जे काय तुमच्याकडे सर्वांत चांगले मिळते ते. कचोऱ्या आल्या, कोथिंबिरीच्या सांभारवड्या आल्या, आणि चोवीस तारखेला मोठेबाबा चिखलदऱ्याहून मागवलेली दोन किलो रबडी घेऊन आले.

"मोठेबाबा, मला अजून तेलतूप चालत नाही."

"हे तेल हाय काय? तूप हाय काय? हे तं दूध हाय."

रबडी आई-बाबांनी आणि डबी पाहायला आलेल्यांनी संपवली. मोठेबाबा मात्र माझ्या खुर्चीशेजारी ठाण मांडून बसले. त्यांनी ऐकले होते की पोट शिवून आठ दिवस होत नाहीत तर पोर शेतात निघाली. त्यांनी त्या अमेरिकन यादवीच्या वेळच्या कापसाच्या तेजीची गोष्ट काढली, जी आमच्या घराण्यात कापसाचा विषय निघाला की निघते. त्या तेजीत आमच्या पूर्वजाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या, म्हणे. गाडी उमरावतीच्या, म्हणजे आताच्या अमरावतीच्या, बाजारात शिरली की लोक बैलांना रामराम करीत.

"अन् त्याईचीच तू," ते म्हणाले. "त्याईनं गाड्या भरून कापूस इकला, अन् तू काय करून राहिली? तीस बोंडं! तीस बोंडांची वात बी होत नाई धड."

"तो त्यांनी गावरानच विकला होता, मोठेबाबा. पुढे मागे का पडला, धागा आखूड म्हणून. मला तोच धागा लांबवायचा आहे. ती तीस बोंडं म्हणजे बी आहे."

ते डबीतले खडे हलवत विचार करू लागले. "म्हंजे हे बोंड धरलं नाई तं?"

"तर माझं काम इथंच थांबेल."

"मंग बसून काहून राहिली?" ते एकदम खवळले, जणू उशीर मीच केला होता. "गाडी मायी हाय. मी नेतो. पण रस्त्यानं ब्रेक लागला तं कोकलू नोको."

एकच अडचण राहिली. सव्वीस तारखेला आईने घट बसवले होते आणि नऊ दिवस अखंड दिवा तेवत ठेवायचा होता. बाबा म्हणाले, दिवा मी पाहतो. बाबांनी तोवर घरातला गॅसही पेटवलेला नव्हता. आईने त्यांना वातीची दिशा, तेलाची पातळी, झाकणाची उंची असे तिमाही परीक्षेएवढे प्रश्न विचारले आणि ते काठावर पास झाले.

सत्तावीस तारखेला डॉक्टरांनी टाके पाहून मान हलवली आणि आम्ही तिथूनच निघालो. पोटावर उशी दाबून धरली की हिसका कमी लागतो, म्हणून वाटेतल्या मूर्तिजापूरपर्यंत मी उशी धरली होती आणि मोठेबाबा प्रत्येक गतिरोधकाआधी "आला, आला!" असे ओरडत होते, त्यामुळे हिसक्याआधीच अंग आखडून ते दुप्पट दुखत होते. मूर्तिजापूरला चहा घेतला. तिथे मी त्यांना विनंती केली की पुढचे गतिरोधक मला अचानक भेटू द्यावेत.

दुपारी तीनला आम्ही प्लॉटवर होतो. फुले अजून होती. पिवळी, तळाशी लालभडक, पण वरच्या फांद्यांकडे सरकलेली. ती तशी वर सरकली म्हणजे झाड शेवटचे काम करत असते. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर उशी. शेजारी मोठेबाबा छत्री धरून. समोर उपवासाची, पदर खोचलेली, नाकावर चष्मा असलेली आई.

पहिल्या दुपारी तिने वीस कळ्या सोलल्या आणि बारा कांड्या मोडल्या.

"आई, हळू. मधली कांडी मोडली की संपलं सगळं."

"लय नाजूक हाय व. येवढं नाजूक असून शेतात काहून राह्यते?"

दुसऱ्या दुपारी नऊ मोडल्या. तिसऱ्या दुपारी तिने हातातल्या बांगड्या काढून मोठेबाबांच्या खिशात घातल्या आणि मोडलेल्यांची संख्या चारवर आली. सकाळी पराग लावताना मात्र तिला वेगळीच लय सापडली. मी चिठ्ठ्यांवर क्रमांक लिहिलेले होते, आणि ती रांगेतून जाताना हजेरी घेऊ लागली.

"पाच?" टोपी उचलून पाही. "हजर. सहा? हजर. सात?" कळी गळून पडलेली असे. "सात गैरहजर. घरी निरोप पाठवा."

"आई, हसवू नकोस. टाके ओढतात."

"मी हाजरी घेऊन राहिलो. हसण्यासारखं काय हाय त्यात?"

मी उशी पोटावर दाबून हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून जे पाणी येत होते त्याचे कारण मला त्या वेळी वर्गीकृत करता आले नाही.

एका सकाळी परतीचा पाऊस आला. परागकण भिजले की फुटतात. त्या दिवशीचे सारे काम गेले. आईने आभाळाकडे पाहून "आज सुट्टी" म्हटले आणि खोलीवर जाऊन दिवसभर वेळापत्रकाकडे माझ्याइतक्याच गंभीरपणे पाहत बसली. तिसऱ्या प्रहरी बाबांचा रोजचा फोन आला.

"लाईट गेली होती," ते म्हणाले.

"अन् दिवा?" आई किंचाळली.

"दिव्याले लाईट लागत नाई न. चालू हाय."

सात ऑक्टोबरला उमलण्याजोगी कळी उरली नाही. एकूण किती संकर केले, किती मोडले, किती भिजले हे सर्व माझ्याकडे होते, पण त्यातले काहीच उपयोगाचे नव्हते. संकर केलेले फूल धरले की नाही हे झाड आठ-दहा दिवसांनी सांगते: धरले तर बोंड फुगते, नाही तर देठ पिवळा पडून सारे गळते. ते नऊ दिवस मी आलेख काढले नाहीत. आई अमरावतीला घट हलवायलाही गेली नव्हती. बाबांनी ते फोनवरून तिच्या सूचनांप्रमाणे हलवले.

सोळा तारखेच्या सकाळी आम्ही तिघे प्लॉटवर गेलो. मार्गदर्शक बाईंनी आदल्या दिवशी विचारले होते, आणि मी "उद्या सांगते" म्हटले होते. आता मला सावकाश चालता येत होते, वाकता मात्र येत नव्हते. आईने रांगेच्या एका बाजूने मोजायला सुरुवात केली, मी तीच झाडे दुसऱ्या बाजूने, फांद्या काठीने उचलत. मोठेबाबांनी ऊन नसताना छत्री उघडली. पहिल्या दोन रांगांत गळलेलेच जास्त होते. तिसरीत माझा आकडा अकरावर थांबला. चौथी रांग, म्हणजे बांगड्या काढल्यानंतरची, भरली होती: हिरवी, टोकदार, चिठ्ठी बांधलेली बोंडे एकामागून एक.

दोघी शेवटच्या झाडाशी भेटलो.

"तेहतीस," आई म्हणाली.

माझा आकडा वेगळा होता. आम्ही पुन्हा मोजले. फरक तसाच राहिला. शेवटी सापडले: दोन बोंडांना चिठ्ठीच नव्हती.

"ह्यांची चिठ्ठी कुठे?"

"मी काढली." ती अजिबात कचरली नाही. "दोरा लय आवळला होता. गळफास लागल्यावानी दिसत होतं लेकराले."

"आई, चिठ्ठी नसेल तर ती संकराची आहेत हे मला सिद्ध करता येत नाही. ती मोजता येणार नाहीत."

"मी सांगतो न! मी माया हातानं केली थे. मायी साक्ष चालत नाई काय?"

"नाही."

"पोटच्या पोरीले मायी साक्ष चालत नाई, दादा!" तिने मोठेबाबांकडे दाद मागितली.

मोठेबाबा दोन्ही बोंडांकडे वाकून बराच वेळ पाहत राहिले. "दिसतात तं तशीच," ते म्हणाले. "पण तुयं तोंड पाहून कोणी बियाणं घेत नाई, बाई. तिचं काम हाय, तिले लिवू दे." मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणून विचारले, "थे दोन सोडून पुरतात काय?"

मी मान हलवली. पुरत होती. आई अजून भांडत होती, त्या दोघांना निदान कोपऱ्यात तरी लिही म्हणत होती. मी पेनाचे टोपण काढले.

धरलेली बोंडे: ३१.